पहिली फोर-बाय-फोर आणि मोजके पैसे: कोल्हापूरच्या चिखलासाठी आधी काय बदलायचं?

पहिली फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देऊ शकणारी गाडी, दारात आली की सल्ले चहूकडून येतात. कुणी उंची वाढव म्हणतं, कुणी स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी नळी) बसव, कुणी पुढं लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढणारं यंत्र). गाडी सेकंडहँड जिप्सी असो, जुनी थार असो की हप्त्यावर घेतलेली जिमनी, ती घेऊन झाल्यावर हातात उरलेले असतात चाळीस-पन्नास हजार. तेवढ्यात वरच्या यादीतली एखादीच गोष्ट बसते, आणि बहुतेक वेळा नेमकी ती घेतली जाते जिची पहिल्या दोन वर्षांत गरज पडत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: आपली गाडी आपल्या भागात नेमकी कशामुळं अडते? त्याचं उत्तर मिळालं की खर्चाचा क्रम बराचसा आपोआप लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वेला आणि पश्चिमेला ही कारणं वेगळी आहेत. शिरोळ, हातकणंगले भागातली काळी माती भिजली की टायरच्या खाचांत गच्च बसते आणि थोड्याच अंतरात टायर गुळगुळीत झाल्यासारखा घसरायला लागतो. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड या बाजूला तांबडी माती आणि जांभा. तिथं पुष्कळ ठिकाणी खाली घट्ट तळ असतो आणि वर निसरडा पातळ थर. त्यात भर उसाच्या पाणंदींची. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेली चाकोरी इतकी खोल असते की आपली चाकं त्यात उतरली की मधला वरंबा थेट गाडीच्या पोटाला टेकतो. आणि घाटमाथ्याच्या रानवाटांवर दगड-नाल्यांमुळं एखादं चाक सरळ हवेत जातं.

म्हणजे अडणं तीन प्रकारचं: पकड सुटणं, पोट टेकणं आणि चाक हवेत लोंबकळणं. तिन्हींचे इलाज वेगळे, आणि खर्चही वेगवेगळे.

आधी आहे ते धड करा

सेकंडहँड गाडी असेल तर पहिला खर्च दिसतच नाही, पण तो टाळू नका. गाडी रॅम्पवर चढवून सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, अ‍ॅक्सलचे रबरी बूट, ब्रेक आणि रेडिएटरचे पाइप बघून घ्या. इंजिन ऑइल सगळे बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारी पेटी) आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरचा गोळा) ऑइल मात्र राहून जातं. ढिला बॉल जॉइंट गावातल्या रस्त्यावर नुसता खडखडतो, तोच दगडावर आपटला की निखळतो आणि चाक आडवं होतं. त्या अवस्थेत गाडी रानातून बाहेर काढण्याचा खर्च चांगल्या दोन टायरांएवढा होऊ शकतो.

दुसरं, फोर-बाय-फोरचा दांडा टाकला की चारही चाकांना जोर खरंच जातो का ते तपासा. जुन्या मालकानं तो दांडा कित्येक वर्षं हलवलेलाच नसतो. ही तपासणी ओल्या मातीवर किंवा सैल खडीवर करायची, कोरड्या डांबरावर नाही. जिप्सी, थार, जिमनी, गुरखा या गाड्यांत फोर-बाय-फोर लावलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गतीला जखडला जातो. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. मातीवर चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो.

लो रेंजचंही, म्हणजे गाडी सावकाश पण जास्त जोरानं चालवणाऱ्या ट्रान्सफर केसच्या गिअरचंही, इथंच सांगतो. नव्या थारमध्ये लो रेंजचं प्रमाण साधारण अडीच पट, जिमनीत दोन पट. त्याच गिअरमध्ये गाडी तितक्या पट सावकाश चालते आणि चाकाला तितक्या पट जास्त जोर मिळतो. खडा चढ, दगडी उतार, खोल चिखल, सगळीकडं हा दांडा आधी वापरायचा. क्लच जाळत, रेस करत चढ चढणारी गाडी बऱ्याचदा फक्त चुकीच्या रेंजमध्ये असते.

हवा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक

आता माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टायरमधली हवा कमी करणं.

जिमनीसारख्या गाडीचं वजन माणसं सोडून बाराशे किलोच्या आसपास, म्हणजे एका चाकावर साधारण ३०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला तो सव्वादोन किलो भार पेलतो. ३०० भागिले सव्वादोन, म्हणजे टायर जमिनीला साधारण १३३ चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा १८ पीएसआयवर आणली की तोच हिशेब २३७ चौरस सेंटिमीटरवर जातो. टायरच्या भिंतीचा ताठपणा धरला तर प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडेल, पण दिशा हीच. हिशेबानं जमिनीला टेकणारी जागा साधारण पाऊणपट वाढते, आणि ती मुख्यतः लांबीत वाढते. टायर मऊ पडल्यानं दगडाचा आकारही तो धरतो, आपटण्याऐवजी त्याला कवेत घेतो. गाडी उड्या कमी मारते, चाक जमिनीवर जास्त वेळ राहतं.

एकही सुटा भाग न बदलता मिळालेला हा फायदा आहे. त्यासाठी लागतात दोनच वस्तू: विश्वासाचा प्रेशर गेज आणि हवा परत भरायला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान कॉम्प्रेसर दुचाकीला ठीक. चार टायर भरताना ते तापतात, नाहीतर गाडीचा फ्यूज उडवतात. हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

किती कमी करायची? पहिल्यांदा २२-२४ वर आणून बघा, चिखल जास्त असेल तर १८. पंधराच्या खाली नवख्यानं जाऊ नये, कारण जोरात वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आणि हवा कमी असताना वेग ३०-४० च्या पुढं नको. डांबरावर परत आल्याबरोबर हवा भरायची, मग घर कितीही जवळ असो. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो. गगनबावड्याकडच्या किंवा भुईबावड्याच्या घाटात तशी गाडी उतरवणं जिवावरचं आहे.

टायर: बदलायचे तर कधी आणि कोणते

पन्नास हजारांतला मोठा वाटा टायरांना द्यावा हे खरं, पण लगेच नाही. सध्याच्या टायरांना चांगली नक्षी शिल्लक असेल तर ते झिजेपर्यंत वापरा आणि बदलायची वेळ आली की त्या वेळी ऑल-टेरेन, म्हणजे एटी घ्या. नाहीतरी टायर घ्यावेच लागणार होते, त्यामुळं खिशातून जाणारा जादा पैसा फक्त साध्या आणि एटी टायरांमधल्या फरकाएवढा राहतो. पंधरा इंची एटी टायर कंपनीप्रमाणे साधारण सहा ते दहा हजारांना एक पडतो, म्हणून हा विचार फार कामाचा आहे.

कायद्यानं नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण चिखलात तेवढी असून नसल्यासारखी. निम्मी नक्षी गेली की पावसाळी रानवाटांसाठी तो टायर संपला असं धरा. विकत घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय.

मड-टेरेन, म्हणजे एमटी, दिसायला रुबाबदार असतात. त्यांच्या खाचा मोठ्या, काळ्या मातीत त्या थोड्या लवकर मोकळ्या होतात. पण ओल्या डांबरावर ते एटीपेक्षा कमी धरतात, आवाज करतात, लवकर झिजतात. ज्या गाडीनं आठवडाभर शिवाजी पुलावरून आणि हायवेवरून ये-जा करायची आणि रविवारी रानात जायचं, तिला एटीच योग्य. काळ्या मातीत जोराचा पाऊस झाला असेल तर एमटीसुद्धा भरतात. त्या दिवशी पाणंदीत न जाणं हाच बरोबर निर्णय.

रुंदीचा मोहही टाळा. आपल्या तांबड्या मातीत खाली घट्ट तळ असतो तिथं अरुंद टायर वरचा चिखल कापून तळाला पोचतो. रुंद टायर वर तरंगतो आणि घसरतो.

आता मापाचं गणित. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५. भिंतीची उंची १९५ च्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. ती वर-खाली दोनदा आणि त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास ६९३. त्याऐवजी २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास साधारण ७०३ होतो. दहा मिलिमीटर जास्त, म्हणजे अ‍ॅक्सल फक्त पाच मिलिमीटर वर. फरक दीड टक्का. गिअर, स्पीडोमीटर, ब्रेक कशावरच जाणवण्याइतका परिणाम नाही. हाच उद्योग २३५/७५ आर १५ घेऊन केला तर व्यास ७३३ च्या पुढं जातो, जवळजवळ सहा टक्के मोठा. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४-८५ ने धावत असेल, चढावर इंजिन दमेल, आणि पूर्ण वळणावर टायर चिखलपट्टीला घासायची शक्यता वाढेल. मिळालेली उंची? वीस मिलिमीटर. हा सौदा पहिल्या वर्षी करण्यासारखा नाही.

रुतल्यावर बाहेर काढण्याची तयारी

विंचचा विचार पुढं ढकला. विंच घेताना त्याची क्षमता गाडीच्या भारासकट वजनाच्या किमान दीडपट धरतात. एवढा विंच पेलायला मजबूत बंपर, चांगली बॅटरी आणि पुढच्या स्प्रिंगांवर वाढणारं वजन, असा खर्चाचा शेपूट लांबत जातो. त्याच्या कितीतरी कमी पैशात दोरी, दोन शॅकल (दोरी जोडायच्या कड्या), झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, एक फावडं आणि जमलं तर ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांची) जोडी येते.

दोरी घेताना फरक समजून घ्या. कायनेटिक दोरी नायलॉनची असते आणि ताणली की तिच्या लांबीच्या वीस-तीस टक्क्यांपर्यंत लांबते. पुढची गाडी हळू निघते, दोरी ताण साठवते आणि तो सावकाश रुतलेल्या गाडीला देते. साधा टोइंगचा पट्टा किंवा वायररोप असा लांबत नाही. त्याला झटका दिला तर तो झटका जसाच्या तसा दोन्ही गाड्यांच्या चासीवर बसतो आणि काहीतरी तुटून गोळीसारखं उडतं. म्हणून पट्ट्यानं फक्त सलग, हळू ओढायचं. दोरी ताणलेली असताना तिच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जाड चादर टाकायची आणि बघ्यांना दोरीच्या लांबीच्या दीडपट तरी दूर हटवायचं.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे दोरी अडकवायची जागा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोरी कधीही अडकवू नका. तो तुटून माणसं मेल्याच्या घटना जगात झाल्या आहेत. ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी खाली दिलेली बारीक कडीही त्या कामाची नाही. चासीला बोल्टनं बसवलेला, भार लिहिलेला रिकव्हरी पॉइंट पुढं एक आणि मागं एक हवा. नसेल तर बाकी सगळ्या खरेदीआधी तो घ्या.

आपल्याकडं खरी मदत येते ती जवळच्या वस्तीवरच्या ट्रॅक्टरची. तो गडी मनापासून धावून येतो, पण हातात साखळी असते आणि ती समोर दिसेल त्या बंपरला अडकते. तेव्हा दोरी आपली, पॉइंट आपला, आणि "दादा, झटका नको, लो गिअरमध्ये हळू घ्या" हे आपणच सांगायचं. काम झाल्यावर त्याच्या डिझेलचे आणि वेळेचे पैसे द्या. आणि पाणंद उकरून निघालात तर चाकोरी फावड्यानं बुजवून जा, कारण दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं त्याची उसाची ट्रॉली जायची असते.

दाजीपूर, पाटगाव बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. दुसरी गाडी बरोबर असणं हे कुठल्याही विंचपेक्षा मोठं साधन आहे.

पोट टेकतं त्याचं काय?

इथं लोक लिफ्ट किटकडं वळतात. थार आणि जिमनी दोन्हींच्या मागं सलग अ‍ॅक्सल आहे, जिमनीच्या पुढंही. सस्पेन्शन दोन इंच उचललं की बॉडी आणि चासी वर जाते, पण चाकांच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथंच राहतो. तो वर न्यायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर. म्हणजे चाकोरीतल्या वरंब्याला डिफरन्शियल अडत असेल तर लिफ्टवर घातलेले पैसे तिथं उपयोगी पडत नाहीत. शिवाय गुरुत्वमध्य वर जातो, आडव्या उतारावर गाडी कलंडायला सोपी होते, स्टिअरिंगची भूमिती आणि शाफ्टचे कोन बिघडतात. ते सगळं नीट दुरुस्त करणारं किट महाग असतं आणि स्प्रिंगला लावून नुसती उंची वाढवणारे स्वस्त स्पेसर हे काही करत नाहीत.

त्याऐवजी चाकोरीवर चाकं टाकायला शिका: एक चाक मधल्या वरंब्यावर, दुसरं कडेच्या काठावर. आणि खालच्या भागाला संरक्षण द्या. यात कोल्हापूरकर नशीबवान आहेत. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पत्रा कापून, वाकवून देणारे कारागीर शोधावे लागत नाहीत. इंजिन ऑइलच्या चेंबरखाली आणि ट्रान्सफर केसखाली तीन-चार मिलिमीटरचा पोलादी पत्रा पुरतो. वजन आधी मोजा: चार मिलिमीटरचा एक मीटर बाय साठ सेंटिमीटर पत्रा जवळजवळ १९ किलोचा होतो, तीन मिलिमीटरचा १४. कारागिराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. चासीवर वेल्डिंग करायचं नाही, आहे त्याच भोकांत बोल्टनं बसवायचं. ऑइल काढायच्या नटासमोर भोक ठेवायचं. आणि चिखल-पाणी निघून जायला खाचा ठेवायच्या, नाहीतर तिथं माती साठून गंज धरतो.

एक चाक हवेत गेलं की

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, म्हणून डिफरन्शियलची सोय केलेली असते. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही; म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तितकाच नगण्य जोर मिळतो आणि गाडी उभी राहते. लॉकर दोन्ही चाकं एकत्र जखडतो. गुरखाला तो पुढं-मागं कंपनीकडूनच येतो, २०२० नंतरच्या थारच्या काही मॉडेलना मागं यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल आहे, जिमनी मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडं वळवते. जिमनीत ती यंत्रणा जागी व्हायला चाक क्षणभर फिरावं लागतं. चाक फिरलं की घाबरून पाय काढणारे तिला कामच करू देत नाहीत. जिप्सीत यातलं काही नाही. तिथं वाट निवडणं आणि कमी हवा यांवरच भागवायचं. बाहेरून लॉकर बसवणं पहिल्या पन्नास हजारांत बसत नाही.

पाणी

स्नॉर्केलचं काम फक्त इंजिनला वरून कोरडी हवा देणं. अल्टरनेटर, वायरिंग, दारांचे सांधे, अ‍ॅक्सलचे ब्रीदर पाइप (आतली हवा आत-बाहेर होण्याच्या नळ्या) तसेच राहतात. नव्या थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, तीही स्थिर पाण्यासाठी धरा. आधी ब्रीदर पाइप लांब करून इंजिनाच्या वर नेऊन बांधा. रबरी नळी आणि क्लिपा, खर्च मामुली. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि खाली राहिलेल्या ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं.

वाहत्या पाण्याला मात्र कुठलंच अपग्रेड नाही. आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि लोक रोजची वाट म्हणून त्यावर गाडी घालतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट; तिथं ३९ होण्याच्या बरंच आधी अनेक बंधारे बुडालेले असतात. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. टायर जितका मोठा तितका तो जास्त तरंगतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठाम सांगितलं. १८२-अ कलमाखाली प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लोखंडी बुलबारविरुद्ध (बंपरपुढं बसवायच्या चौकटीविरुद्ध) केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं; तो पादचाऱ्याला मारक आणि एअरबॅगच्या सेन्सरला गोंधळात टाकणारा. त्यामुळं टायरचं माप त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी देते त्याच्या आत ठेवा, आणि बसवलेली प्रत्येक वस्तू विमा कंपनीला लेखी कळवा. दोरी, कॉम्प्रेसर, फावडं, कमी केलेली हवा यांवर कुणाचाच आक्षेप नाही, हे कमी बजेटवाल्याच्या चांगलंच पथ्यावर पडतं.

जादा दिवे, टपावरचं कॅरिअर हे पुढं बघू. टपावरचं वजन आडव्या उतारावर सगळ्यात आधी त्रास देतं.

जागेबद्दल मात्र आग्रहानं सांगतो. मसाई पठारासारख्या सड्यांवर गाडी घालू नका. जांभ्यावर तिथं मातीचा पातळ थर असतो आणि पावसाळ्यात त्यातच सीतेची आसवं, गेंद अशी बारीक फुलं येतात. एका टायरचा माग तिथं वर्षानुवर्षं राहतो. राधानगरी अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि ठरलेलीच वाट. शेतातली पाणंद असेल तर मालकाला विचारून.

प्रत्येक फेरीनंतर गाडी खालून पाण्यानं धुवा, ब्रेकमधली आणि रिमच्या आतली माती काढा. ती तशीच वाळली तर हायवेवर स्टिअरिंग थरथरतं. पाण्यातून गेला असाल तर डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ दिसलं तर लगेच बदला. आणि गाडी जिथं अडली ती जागा आणि कारण वहीत लिहून ठेवा: पकड, पोट की चाक हवेत. पावसाळा संपला की त्या नोंदी मोजा. पोट सारखं टेकत असेल तर पुढचा पैसा पत्र्यावर, चाक हवेत जात असेल तर लॉकरसाठी साठवणूक, आणि पकडच जात असेल तर सगळ्यात आधी गेज काढून आपण हवा खरंच किती कमी करत होतो ते बघा.